आडवा उमेदवार

शिवणाची टेप जमिनीला लागू द्यायची नाही. तिच्यावर घर चालतं.

उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर. छाती न फुगवता एकोणऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी.

रस्त्यात मयत दिसलं की चपला काढाव्यात, हात जोडावेत. ओळखीचं नसलं तरी चार पावलं बरोबर चालावं.

झेंडूचा हार. शुभ कामाला.

मडक्यातलं पाणी गार राहतं.

गुणाजीच्या हातगाडीचं एक चाक रडतं.

हे सगळं सुटं सुटं राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं.

लवूला पोलीस व्हायचं होतं. साल पंच्याऐंशी. बाप गिरणीच्या संपापासून विक्रोळीच्या खोलीत बसून होता, आई रत्नप्रभा चाळभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि लवूचं वय भरतीच्या मर्यादेला टेकलं होतं. यंदा नाही तर कधीच नाही. पळण्यात तो पक्का होता. छाती फुगत होती. पण आईने दाराच्या चौकटीला उभं करून माप घेतलं, तर एकशे चौसष्ट.

"एक सेंटिमीटर म्हणजे केवढा गं, आये?"

"ब्लाउजच्या हुकाएवढो."

"एका हुकासाठी नोकरी जाणार?"

"एका हुकासाठी अख्खो ब्लाउज परत येता, झिला."

आठवडाभर लवू गॅलरीच्या वाशाला लटकला. हात तेवढे लांबल्यासारखे वाटले.

मग हातगाडीवाला गुणाजी, शेजारच्या खोलीतला, म्हणाला, "तुझं चुकतंय काय सांगू? माणूस झोपेत वाढतो. उठला की स्वतःच्याच वजनाने दबतो. गोणीतला तांदूळ बघ, उभी ठेवली की खाली बसतो. तू भरतीच्या दिवशी उठूच नकोस. आडवाच्या आडवा नेतो तुला घाटकोपरच्या मैदानात."

"आणि तिथे?"

"तिथे उभा राहा, मोजून घे, मग काय दबायचंय ते दब."

त्या सकाळी लवूला चौघांनी चटईसकट उचललं आणि गाडीवर ठेवलं. घसरू नये म्हणून गुणाजीने दोरीने बांधलं. रत्नप्रभेने गळ्यात झेंडूचा हार घातला. तोंडावर ऊन येतं म्हणून पांढरी चादर डोक्यापर्यंत ओढली. "भायरचा पाणी पिव नको हां," असं बजावून तिने मडकं भरून लवूच्या मित्राच्या, बाळाच्या हातात दिलं. गाडीला धक्का लागून ते फुटू नये म्हणून बाळा पुढे चालायला लागला.

मागे गुणाजीचं चाक रडत होतं.

पहिल्याच वळणावर एका दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. पानवाल्याने रेडिओ बंद केला. एक मिशीवाले काका चपला काढून बाळाच्या बरोबरीने चालू लागले.

"तुझा कोण?"

"मित्र."

"वय?"

"चोवीस."

"अरेरे. कशाने रे?"

"पोलीस भरती," बाळा म्हणाला.

"काय दिवस आलेत," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

हळूहळू पंधरावीस माणसं झाली. कोणीतरी उदबत्त्या लावल्या. चादरीखालून लवू पुटपुटला, "गुण्या, कोण रे ही लोकं?"

"गप पड. श्वासबिस घेऊ नकोस. जिवंत दिसलास ना, चोपतील."

चौकात हवालदाराने गाड्या थांबवल्या आणि सॅल्यूट ठोकला. चादर पातळ होती, लवूला दिसलं. पोलिसाने आयुष्यात पहिल्यांदा त्याला मान दिला होता आणि त्याला साधी मान हलवता येत नव्हती.

मैदान डावीकडे. स्मशान सरळ.

गुणाजीने गाडी डावीकडे वळवली. गर्दीने ती सरळ केली.

"अहो, इकडे जायचंय!"

"दुःखात माणूस रस्ता चुकतो बाबा," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी स्वतःच्या हातात घेतली. "सोड. मी नेतो त्याला."

मैदानाचं फाटक बंद व्हायला आलं होतं. लांबून शिट्टी ऐकू आली. उठून बसावं तर उंची जाणार. पडून राहावं तर नोकरी जाणार, आणि लाकडं तर समोरच रचलेली. लवू चादरीखालून ओरडला, "डावीकडे घ्या हो!"

रस्त्यावर नुसत्या उदबत्त्या उरल्या. काका तेवढे राहिले, कारण त्यांचे पाय हलेनात.

"काका," लवू शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणाला, "फाटक बंद होईल."

काकांनी गाडी डावीकडे वळवली आणि ती घेऊन ते असे पळाले की त्यांनाच आधी भरती करायला हवं होतं.

"हे काय आणलंय?" मोजणीवरचा जमादार म्हणाला.

"उमेदवार."

"इथे जिवंत लागतात."

गुणाजीने दोरी सोडली. काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसा लवू उठला, दोन पावलं तरंगला आणि मापाच्या खांबाला टेकला.

"एकशे सदुसष्ट. पुढे."

"किती?" गुणाजी किंचाळला. "तीन वाढला! तीन हूक!"

छातीच्या मापाला लवूने चौकापासून अडवलेला सगळा श्वास एकदम आत घेतला. जमादार म्हणाला, "बस, बस. सरकारी टेप आहे."

पळण्यात तो पहिला आला. दमलेलाच नव्हता तो, झोपून आला होता.

पुढच्या भरतीला आमच्या चाळीतून तिघे आडवे गेले. गुणाजीने चाकाला तेल घातलं, कपाटं वाहणं सोडलं आणि लोक त्याला मास्तर म्हणू लागले. लवू खाकीत सुट्टीवर आला की गाडीला नमस्कार करायचा.

चौकटीला उभं करून मोजलं त्या दिवशी रत्नप्रभेने टेपचं टोक नेहमीप्रमाणे जमिनीला लागू दिलं नव्हतं. लवू जमिनीवर उभा होता, टोक तिने उंबरठ्यावर धरलं होतं. उंबरठा तीन सेंटिमीटर उंच होता.