ढगांना घातलेलं पाणी

या मित्रांनो, असे जवळ सरका. पुढचे थोडे दाटीनं बसा, मागच्यांना जागा होऊ द्या. कीर्तनाला बसतो तशी मांडी घातलीत तर मला बरं वाटेल, कारण ज्या घरात मी राहिलो तिथं गोष्ट ऐकायची तीच रीत होती. एक गोष्ट सांगतो. त्यात विमान आहे, ढग आहेत आणि पाणी आहे. सांगताना माझी मान थोडी खाली जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

मी एक जुना संगणक आहे. काळी पत्र्याची पेटी, एका बाजूला काच, आत मोठाले पंखे. पाठीवर गंजाचे डाग आहेत. ते कशाचे, हे कळेलच तुम्हाला.

मला जोडलं विश्वजितनं. पैठण गेटजवळ त्याचं छोटं दुकान होतं. एके दिवशी त्याचे मामा, केशवराव, तिथं आले. चिकलठाण्याच्या विमानतळावर मालाच्या कचेरीत कारकुनी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सारी नोकरी विमानांच्या आवाजात गेली, पण विमानात बसायचा योग काही आला नाही. आता त्यांना खेळात का होईना, विमान स्वतः उडवायचं होतं, तेही आपल्याच गावावरून.

विश्वजितनं त्यांना नीट समजावलं. बिलं करायला, पत्रं लिहायला साधा संगणक पुरतो. विमानाच्या खेळाला पुरत नाही. विमान पुढं जाईल तशी खालची जमीन, रस्ते, डोंगर क्षणोक्षणी नव्यानं काढावे लागतात. ते काम ग्राफिक्स कार्डाचं. कार्ड अशक्त असलं की विमान हवेत अडखळतं. मग त्यानं दोन कार्डं पुढं ठेवली, एक मध्यम आणि एक दांडगं. मध्यमावर जमीन छान दिसेल, ढग मात्र जेमतेम. दांडग्यावर ढगही खरे वाटतील, थराथराचे, आतून उजेड झिरपणारे.

“पण मामा, दांडगं लई तापतं,” तो म्हणाला. “आपल्या उन्हाळ्यात त्याला एसीची खोली लागंल. तुम्ही मधलं घ्या. ढग काय करायचेत?”

केशवरावांनी दारातून वर पाहिलं. पावसानं पुन्हा दगा दिला होता. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

“ढगच तर पाह्यचेत रे,” ते म्हणाले.

अशी माझी निवड झाली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! त्यांच्या पत्नी उमाताई यांनी हळदकुंकू वाहून माझी पूजा केली. चिमूटभर कुंकू माझ्या पंख्यानं आत ओढून घेतलं, तेव्हा सगळे हसले. पाहुणे आले की केशवराव मला सुरू करून दाखवत आणि लोक माना डोलावत.

त्यांचं घर हर्सूलकडच्या एका नव्या वसाहतीत होतं. शहर वाढत वाढत तिथवर पोचलं होतं. नळ मात्र मागंच राहिला होता. बोअर आटलेलं. टँकर आला की दोन घरांच्या मधल्या हौदात पाणी पडे, आणि ते दोन्ही घरं अर्धं-अर्धं वापरत. पलीकडच्या घरात सरूबाई राहत. फर्दापूरकडची शेती पडीक टाकून त्या मुलाकडं आल्या होत्या. मुलगा वाळूजच्या कारखान्यात जाई, सून बाळंतीण होती. केशवराव त्यांना अक्का म्हणत. दर एकादशीला केशवरावांच्या बैठकीत कीर्तन असे, तेव्हा बायकांत सर्वांत पुढं अक्का बसत.

चैत्र लागला आणि विश्वजित म्हणाला तसंच झालं. दुपारी केशवराव ढगांत शिरले की मी तापून बंद पडे. त्यांनी फोन केला. विश्वजितनं सोपा उपाय सांगितला: ढग कमी करा, मशीन थंड राहील. एवढंच करायचं होतं, मित्रांनो. पण त्यांच्यानं ते होईना. त्यांनी घरातला वाळ्याचा कूलर माझ्या पाठीशी आणून लावला. सुरुवातीला त्यात धुण्याचं उरलेलं पाणी घातलं. त्याला वास येऊ लागला, तेव्हा उमाताई शिवणाच्या वर्गाला गेल्या की ते हौदातलं चांगलं पाणी आणून ओतू लागले. उमाताईंना ते धुण्याचंच वाटे. ते ओलं, गार वारं मी रोज पाठीवर घेत होतो आणि ढग काढत होतो.

हौद टँकर यायच्या आधीच कोरडा पडू लागला. उमाताईंनी आपल्या घरचा हिशेब मनातल्या मनात लावला, तो चुकत नव्हता. मग बोट दुसरीकडं गेलं. बाळंतिणीच्या घरात पाणी जास्तच लागतं, असं त्या गल्लीत कुणापाशी तरी बोलल्या. बोलणं फिरलं. एके सकाळी हौदाच्या झाकणाला कुलूप लागलं आणि किल्ली उमाताईंच्या कमरेला गेली. दुसरी किल्ली केशवरावांच्या खिशात होती.

सरूबाई भांडल्या नाहीत. आपल्या वाटणीचं उमाताई मोजून देतील तेवढं घ्यायच्या, आणि उरलेलं लांबच्या हातपंपावरून कळशीनं आणायच्या. माझ्या खिडकीतून ती कळशी रोज जाताना दिसे. केशवरावांनाही दिसे. ते विमान वळवून घेत. मला जगातले सगळे डोंगर काढता येत होते, पण तोंडातून एक अक्षर काढता येत नव्हतं.

एकादशी आली. माझ्यावर शाल टाकून मला कोपऱ्यात सरकवलं. त्या दिवशी कीर्तनकार गोकुळबुवांनी तहानेल्या जिवाला पाणी पाजण्याचं आख्यान लावलं होतं. गाता गाता बुवांचा घसा सुकला. उमाताई हौदाकडं जाऊन आल्या. तळ लागला होता. तेव्हा सरूबाई उठल्या, घरी गेल्या आणि हातपंपाच्या कळशीतलं तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तो तांब्या बुवांना द्यायला त्यांनी केशवरावांच्या हातात दिला. केशवरावांनी तो बुवांपुढं ठेवला आणि खिशातली किल्ली चाचपली.

आरती झाली. कीर्तन संपल्यावर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती तिथली रीत. सरूबाई वाकल्या, आणि केशवराव मागं सरले.

“अक्का, माझ्या पाया पडू नका. हौदातलं पाणी तुम्ही नेलं नाही. मी नेलं.”

उमाताईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“कशाला वो भाऊ?” सरूबाईंनी विचारलं.

“ढगांना घातलं,” ते म्हणाले, आणि माझ्यावरची शाल त्यांनी ओढून काढली.

त्यांनी मला सुरू केलं. विमान चिकलठाण्यातून वर चढलं, हर्सूलवर आलं. ढगांच्या फटीतून खाली हर्सूलचा तलाव दिसला, काठोकाठ भरलेला, निळा. खऱ्या तलावात तेव्हा भेगा पडल्या होत्या. सरूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

“भरलाय की लई,” त्या म्हणाल्या. “वैनी, हौदाचं कुलूप काढा आन् ह्या पेटीला लावा.”

कुणीतरी हसलं. उमाताई मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांनी कुलूप काढलं आणि सरूबाईंचे पाय धरले. दुसऱ्या दिवसापासून केशवरावांनी ढग बंद केले. मी थंड राहिलो, विमान झक्क उडालं, कूलर अडगळीत गेला. इतकं सोपं होतं ते.

पुढं एकदा सरूबाईच येऊन म्हणाल्या, “भाऊ, आमच्या मळ्यावरनं नेता का?” केशवरावांनी त्यांना फर्दापूरपर्यंत नेलं. खाली नुसता तपकिरी ठिपका. त्या पडद्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “एवढ्यावरच लावा की ढग. घटकाभर.”

केशवराव घुटमळले, मग त्यांनी ढग लावले. मी जीव तोडून काढले, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. पंखे घरघरू लागले. सरूबाईंनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला, कळशीच्या काठानं घट्टे पडलेला.

“बास भाऊ, बंद करा,” त्या म्हणाल्या. “तापलंय बिचारं.”

आज माझ्यावर धूळ आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही कधी संगणक निवडाल तेव्हा त्यात ताकद किती हे जरूर विचारा. ती ताकद कुणाच्या वाटणीतनं येणार, हेही विचारा. आणि खेळता खेळता यंत्र तापलं, त्याच्या पाठीला हात लावून बघितलात, तर माझी एवढीच विनंती आहे: क्षणभर आमच्या सरूबाईंची आठवण काढा.