हळदीच्या कढईतला बाप्तिस्मा

मी कढई बोलतेय. कुरुंद्याच्या संतरामच्या गोठ्यामागची, लोखंडी, हळद शिजवायची. नीट ऐका, मला दोनदा सांगायची सवय न्हाई.

हिंगोलीच्या चाँद पाशानं मला ठोकून ठोकून घडवलं. उचलायला चार गडी लागायचे. चाळीस वर्षं माझ्या पोटात हळद शिजली. मग वाफेचा कुकर आला आन् मला गोठ्यामागं पालथं घातलं. कोंबड्या पाठीवर बसायच्या. नुसत्या बसायच्या न्हाईत, पण जाऊ द्या.

यंदा संतरामच्या बायकोच्या, रूपाबाईच्या पोटात गाठ निघाली. सोमवारी नांदेडला ऑपरेशन ठरलं. घरात दोघंही चर्चला जाणारे, पण तिचा बाप्तिस्मा राहिलेला. ती म्हणाली, "त्याच्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाई." बोलायला खंबीर. पण रोज संध्याकाळी माझ्या पाठीला टेकून रडायची, नवऱ्याला दिसू नये म्हणून.

रविवारी कालव्यात बाप्तिस्मा, आमच्या मंडळीची रीतच ती. आणि नेमकी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याची पाळी आठ दिवस पुढं गेली. कालव्यात शेळ्या चरून राहिल्या.

"देवाला एवढं बी जमंना का?" संतराम करवादला.

"भाऊ, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं," पास्टर सुदाम म्हणाले.

मला वाटलं, कळत असेल, पण पाणी सोडणाऱ्याला तेवढं सांगायला काय झालं होतं?

रूपाबाई म्हणाली, "गोठ्यामागं कढई हाय. मी तिच्यात बसते."

मला सुलटी केली, घासली, भरली. आजारी बाईला गार पाणी नको म्हणून पास्टरांनी खाली चार तुराट्या पेटवल्या. तिथंच चुकलं. माझ्या सांध्यात मुरलेली चाळीस वर्षांची हळद ऊन पाण्यात सुटायला लागली. पण बघणार कोण? पास्टरांची प्रार्थना लांब, सगळ्यांचे डोळे मिटलेले. डोळे मिटूनच रूपाबाई आत बसली, पास्टरांनी तिला बुडवली, वर काढली.

पांढरं लुगडं पिवळं. पांढरे केस पिवळे. पास्टरांच्या बाह्याही पिवळ्या.

रूपाबाईनं आपले हात उलटसुलट करून बघितले.

"लग्नात बी एवढी हळद लावली नव्हती तुमच्या आईनं," ती नवऱ्याला म्हणाली.

संतराम हसत हसत मटकन खाली बसला. रूपाबाई हसली, तिचा पाय घसरला आन् पुन्हा माझ्यात बुडाली. दुसरा बाप्तिस्मा फुकटात. पास्टर हसले, मंडळी हसली, गोठ्यातली म्हैसही ओरडली. महिनाभर त्या घरात कुणी हसलं नव्हतं. "नका हसवू, गाठ दुखते," म्हणत तीच हसून राहिली.

कालवा भरला असता तर बाई पांढरीधोप निघाली असती, भीती तशीच घेऊन. हे मला नंतर सुचलं. लोखंडाचं डोकं, उशिरा तापतं.

सोमवारी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "मावशी, कावीळ हाय का?"

"न्हाई बाई, बाप्तिस्मा झालाय," ही म्हणाली. तिला टेबलावर नेलं तेव्हाही हसतच होती, असं संतराम सांगतो.

गाठ काढली. तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय. संतराम घडीघडी फोन बघतो. टाके सांभाळत बाजेवर बसलेली रूपाबाई त्याला म्हणते, "ज्याला कळायचं त्याला आधीच कळलंय. तुमी हळद काढा."

आन् कुकर न्हाई, यंदा मलाच चुलीवर ठेवायला लावलंय तिनं. तिच्यासाठी प्रार्थना करा. मला आता बोलायला सवड न्हाई, खाली जाळ लागलाय.