त्रास की गैरसोय

विद्याधररावांच्या न्हाणीघरातलं पाणी विमलाच्या ओट्यावर ठिबकू लागलं, त्याला दोन महिने झाले होते. बोरिवलीच्या त्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर, ती बरोबर त्यांच्याखाली. शिवाय सेक्रेटरीही तेच, त्यामुळे त्यांची तक्रार त्यांच्याचकडे करायची. सोय उत्तम होती.

विमलानं तक्रारवहीत लिहिलं, 'वरून पाणी गळते. फार त्रास होतो.' विद्याधररावांनी चष्मा पुसला, 'त्रास' खोडला आणि सुवाच्य अक्षरात 'गैरसोय' लिहिलं.

"वहिनी, शब्द जपून वापरावेत. त्रास असला तर सोसायटीला आठ दिवसांत तो दूर करावा लागतो, तसा नियम आहे. गैरसोय सभासदानं सोसायची असते."

"अहो, आमटीत पडतं तुमच्या आंघोळीचं पाणी!"

"झाकण ठेवा ना. झाकणानं भागतं ती गैरसोय."

विमला घरी आली. गुणाजी एका हातात छत्री धरून चहा उकळत होता. गिरणी बंद पडल्यापासून तिच्या नवऱ्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

"काय म्हणालो सेक्रेटरी?"

"आपल्याला त्रास होतच नाही म्हणे."

"मगे बरा झाला गो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला स्टोव्ह, तवा आणि वर्सोव्याचे सुके बोंबील घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि विद्याधररावांच्या दारासमोर बसली. बोंबील तव्यावर पडले मात्र, आतली पूजेची घंटा थांबली. विद्याधरराव सोवळ्यातच बाहेर आले.

"वहिनी! हे काय?"

"आमच्या ओट्यावर गैरसोय आहे ना."

"पण हा वास!"

"दार लावून घ्या की."

तीन दिवस त्यांनी दार लावून पाहिलं. चौथ्या दिवशी वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद झाली: 'जिन्यात बोंबील भाजल्याने असह्य त्रास होतो.' आता आठ दिवसांत तो दूर करणं आलं. विमला जिन्यातून कधी उठणार? ओटा कोरडा झाल्यावर. ओटा कधी कोरडा होणार? विद्याधरराव नियमाला पक्के. त्यांनी मुकाट्यानं प्लंबर बोलावला.

न्हाणीघराची फरशी उखडली त्या सकाळी ते पंचा आणि बादली घेऊन विमलाच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, दोन दिवस आंघोळीचा फार त्रास आहे हो."

"या ना. पण पाणी जरा जपून ओता हं, खाली सुंदराबाईंचा ओटा आहे."