क्लॅरीचा चहा

घरून लढाईला निघताना प्रत्येकानं आपलं मरण पसंत करून ठेवलेलं असतं. बहुतेकांची पसंती छातीवरच्या गोळीला, एखाद्याची संगिनीला. न्यू गिनीच्या या डोंगरात पसंती कोण विचारतो? आमच्या मलमपट्टीच्या छपराखाली येतात ते हिवतापानं कुडकुडणारे, हगवणीपायी चड्डीचा मागचा भागच कापून टाकलेले, आणि उखळी तोफांच्या कपच्या लागलेले. संगिनीची जखम मी अजून पाहिलेली नाही. डबे उघडताना कापलेली बोटं सोडली तर.

क्लॅरी ट्रँटरला अशीच कपची लागली होती. बेंबीशेजारी वाटाण्याएवढं भोक, रक्तही फारसं नाही. त्याचा जोडीदार वॉल ते बघून हसला. लढाईआधी दोघंही एकाच शेडमध्ये मेंढ्यांची लोकर कातरणारे.

"लेका, याहून मोठं भोक तुझ्या मोज्याला आहे."

भुलीचं औषध एकाच ऑपरेशनपुरतं उरलं होतं आणि नंबर क्लॅरीचा होता. आतडं शिवेपर्यंत त्याला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीही वॉलला बजावलं. पण आमच्याकडे मेंढी हरवो, बायको पळो की पाय तुटो, आधी चहाचा डबा विस्तवावर चढतो. मी पट्ट्या उकळून परत आलो, तर वॉल क्लॅरीची मान उचलून त्याला मगातून चहा पाजत होता. स्वतःची उरलीसुरली साखर घालून. क्लॅरी नको नको म्हणत घोट घेत होता.

तो चहा आतड्याच्या भोकातून सगळ्या पोटात पसरणार, आता शिवून उपयोग नाही, हे मी वॉलला सांगितलं. त्यानं माझी बाही घट्ट धरली. एवढासा तर चहा, डॉक्टरला सांगू नकोस, म्हणाला. पलीकडे असाच पोटात लागलेला एक तारायंत्रवाला कोरड्या ओठांनी पडून होता. वॉलनं तिकडे मान वळवली नाही.

डॉक्टर आले. काही दिलं का, म्हणून विचारलं. वॉल नाही म्हणाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत क्लॅरीच बोलला.

"प्यालोय, डॉक्टर. मीच मागितला. हा गाढव देत नव्हता."

डॉक्टरांनी तारायंत्रवाल्याचं स्ट्रेचर ऑपरेशनला उचलायला सांगितलं. वॉल त्यांच्यामागे धावला, गयावया केली, क्लॅरीच्या आईचं नाव काढलं. मी त्याला ओढून आणून क्लॅरीजवळ बसवलं.

क्लॅरीनं मगाकडे पाहिलं.

"आता बघत काय बसलायस," तो म्हणाला. "उरलाय तो तरी दे. गार होतोय."