दोन्ही काठ सारखे

कापडातलं मला कळतं, असं मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आले. कॉलेजात मुलींना वस्त्रशास्त्र शिकवायचं म्हणजे तसं थोडंफार सांगावंच लागतं, पण मी जरा जास्तच सांगायची. कुणाच्या लग्नाला गेले की नवरीच्या शालूचा पदर बोटांत धरून बघायची आणि कुणी विचारलेलं नसताना मत द्यायची. आमचे हे, मनोहरराव, कोपराने ढोसायचे. "नीला, जेवाले बोलावलं आहे वं, परीक्षा घ्यायले नाही." मी डोळे वटारले की गप्प बसायचे.

अठ्ठ्याहत्तर साल संपत आलं होतं तेव्हा मुंबईहून प्रेमलताबाईंचं पत्र आलं. 'राजसी' ही त्यांची साड्यांची पेढी. तिथे साड्यांची चळत नसायची. एकेक साडी वेगळ्या पेटीत, मऊ कागदात गुंडाळलेली आणि वर सोनेरी अक्षरांत 'राजसी'. त्यांना आपल्याकडचा करवती काठ हवा होता, करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला, हातमागावरचा. नागपुरातला एकच कारागीर निवडायचा होता. त्याचं वर्षभराचं काम पेढी घेणार होती. निवड मी करायची होती.

पत्रात एक वाक्य होतं: 'आमच्याकडे येणाऱ्या बाईला साडीत शोधूनही खोट सापडता कामा नये.' मला ते इतकं आवडलं की वर्गात वाचून दाखवलं. उंची माल म्हणजे हाच, असं मुलींना सांगितलं आणि फळ्यावर लिहिलंसुद्धा.

निवड कॉलेजातच ठेवली, शनिवारी दुपारी. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वह्या घेऊन बसायला सांगितलं. त्यांना शिकायला मिळावं म्हणून, असं तेव्हा म्हणाले होते. खरं म्हणजे मला प्रेक्षक हवे होते.

चार-पाच जण आले. त्यात इतवारीतले गिरिधरशेठ होते. ते स्वतः विणत नव्हते, पण आपल्याकडे तीस माग आहेत असं म्हणत होते. त्यांनी साडी पेटीतून आणली होती. इस्त्री केलेली, अत्तराचा वास येणारी, आतून फॉलसुद्धा लावलेला.

"बाई, गिऱ्हाइकानं घरी न्यावं आन् लगेच नेसावं," ते म्हणाले. "आपल्याकडं अशी सेवा आहे."

मला ते फार पटलं. भिंग लावून दात मोजले. या काठाला वीतभरात एकवीस, त्या काठाला एकवीस. दुसरीकडे मोजले, तिथेही एकवीस. मी मुलींकडे बघून मान डोलावली आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

शेवटी आले तांडापेठेतले महादेवराव. त्यांनी साडी जुन्या धोतरात बांधून आणली होती. तिला अजून खळीचा वास येत होता. बरोबर त्यांची बायको होती, भागीरथाबाई. त्या दाराशीच थांबल्या होत्या. मी "आत या" म्हटलं तेव्हा आल्या.

साडी चांगली होती, हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं. मी ती उलटून पाहिली. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ होती. तसं मी वहीत लिहिलं, आणि लिहून पुढे गेले. मग भिंग काढलं.

"उजव्या काठाला वीतभरात एकवीस दात," मी मोठ्याने म्हणाले, "आणि डाव्याला एकोणीस."

"असन बाई," महादेवराव म्हणाले.

"असन म्हणजे? एकाच साडीचे दोन काठ ना हे?"

"साडी एक, पन विणणारे दोघं राहतात ना बाई. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात. मधातला अंगाचा, अन् दोन काठाचे. उजव्या अंगाले मी बसतो, डाव्या अंगाले हे बसते." त्यांनी बायकोकडे हात केला. "माहा हात आवळ आहे, तिचा मोकळा. सव्वीस वर्षं झाली. जाणकार मानूस काठ पाहूनच सांगते, का हे महादेवाच्या घरचं होय म्हणून."

मी तिथेच थांबायला हवं होतं. तो माणूस मला माझाच विषय शिकवत होता, आणि दोन वाक्यांत, मी तीन तासांत शिकवला नसता इतका. पण समोर वीस मुली बसल्या होत्या आणि त्यांच्या पेन्सिली थांबल्या होत्या. मला कुणी शिकवलेलं मला चालत नसे.

"बाई," मी थेट भागीरथाबाईंनाच म्हणाले, "मग तुम्हीच मागावरून उठा. उंची कामाला असा हात चालत नाही."

मागच्या बाकावरची एक मुलगी फिसकन हसली. भागीरथाबाईंनी साडीची घडी घालायला घेतली. घडी चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. शेवटी महादेवरावांनी त्यांच्या हातातून साडी घेतली.

"बाई, हे काम भेटलं तर आमचा माग चालू राहीन," ते जाताना म्हणाले. "आमच्या गल्लीत आता हा एकच माग राहिला. बाकीच्यायनं मोडून चुलीत घातले. तुमी एकडाव पुन्हा पाहून घ्या."

"निवड मालावर होते, गरजेवर नाही," मी म्हणाले. हे वाक्यही मुलींनी लिहून घेतलं. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

काम गिरिधरशेठना मिळालं. आठवड्याने त्यांचा माणूस तशीच एक साडी पेटीत घालून घरी देऊन गेला. नमुना म्हणून, असं त्याने सांगितलं.

"नमुना वापस द्याचा राहते ना?" ह्यांनी विचारलं.

"अभ्यासासाठी ठेवला आहे," मी म्हणाले, आणि तो अभ्यास नेसून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले. बायकांनी काठाला हात लावून लावून पाहिलं. मी त्यांना हातमागाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिळगूळ हातात घेऊन बिचाऱ्या अर्धा तास उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी रिठ्याच्या पाण्यात मी ती साडी धुतली. वाळल्यावर पाहते तर फॉल आटलेला आणि काठ सगळा चुणलेला. फॉल आधी भिजवून न घेता लावला होता! आमच्याकडची शाळकरी पोरगीही अशी चूक करणार नाही. मोठे उंची मालवाले, मी मनात म्हटलं, आणि अंगणात उन्हाला बसून ब्लेडने टाके उसवायला घेतले.

हातभर फॉल निघाला आणि माझा हात थांबला.

काठाच्या मागे तुटके धागे लोंबत होते. प्रत्येक दाताच्या मागे कापलेली टोकं. हातमागावर माणूस काठाचा धागा दातापाशी अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो, म्हणून मागची बाजू स्वच्छ राहते. यंत्राला ते जमत नाही. ते धागा मागून तसाच ओढत नेतं आणि मग तो कापावा लागतो. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाला पहिल्याच महिन्यात शिकवते. साडी उलटून बघा, मुलींनो, साडी खोटं बोलत नाही, असंही म्हणते. आणि फॉल तर खालच्या काठालाच होता. वरचा काठ उघडा होता की! तो उलटून पाहायला माझा हात कुणी धरला होता? दोन्हीकडे एकवीस मोजले आणि मी खूश झाले. पेटी, अत्तर, इस्त्री, यांच्यापायी माझी अक्कल गहाण पडली.

हे बाहेर आले. "काहून वं, फॉल आटला म्हणून रडून राहिली का?"

मी सगळं सांगितलं. 'नमुना' का ठेवला तेही सांगितलं, आणि भागीरथाबाईंना काय म्हणाले तेही. मला वाटलं होतं, आता हे वर्षभर चिडवतील. त्यांनी चिडवलं नाही. नुसते शेजारी बसून राहिले. त्यांनी चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी प्रेमलताबाईंना पत्र लिहिलं आणि साडीही पाठवून दिली. उत्तर यायला बारा दिवस लागले. गिरिधरशेठचं काम बंद केलं होतं, महादेवरावांना द्यायला सांगितलं होतं. 'चूक वेळेत कळली हे बरं झालं,' एवढंच माझ्याबद्दल होतं.

त्या बारा दिवसांत मी कधीही तांडापेठेत जाऊ शकले असते. सायकलरिक्षाने अर्धा तास लागतो. पण काम पक्कं झाल्यावर जावं, रिकाम्या हाताने कशाला, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या बाईच्या समोर उभं राहायचं नव्हतं.

गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गल्लीत घर विचारावं लागलं नाही, मागाचा आवाज तेवढ्या एकाच घरातून येत होता. पण तो आवाज काही बरोबर वाटेना. एक ठोका पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक ठोका.

आत महादेवराव खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. हातात धोटा होता आणि ते वाट पाहत होते. डाव्या अंगाला भागीरथाबाई काठावर वाकल्या होत्या. त्यांच्या हातात खराट्याची एक काडी होती, तिच्यावर चाकूने खुणा केलेल्या. प्रत्येक दात झाला की त्या काडी लावायच्या, एक डोळा मिटून बघायच्या, आणि मग मान हलवायच्या. मान हलली की महादेवराव धोटा टाकायचे.

मला पाहून दोघेही उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर जमलं नसतं.

"चूक माझी झाली," मी म्हणाले. "गिरिधरशेठचा माल यंत्रावरचा होता. मला ओळखता आला नाही. तुमचं काम खरं होतं. मुंबईचं काम आता तुम्हाला मिळालं आहे, वर्षभराचं. हे पत्र."

महादेवरावांनी पत्र दोन्ही हातांत घेतलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे माग राहते आता," ते म्हणाले, आणि उपरण्याने तोंड पुसलं.

"आणि बाई," मी भागीरथाबाईंकडे वळले, "तुमच्या हाताबद्दल मी जे बोलले ते शुद्ध मूर्खपणाचं होतं. तुमचा काठ जसा होता तसाच हवा. ती काडी टाकून द्या."

त्यांनी काडी बाजूला ठेवली, मी सांगितलं म्हणून. धोटा उचलला. हात पुढे गेला आणि मधेच अडला. पुन्हा नेला, पुन्हा अडला. महादेवराव खाली बघत होते.

"नाई होत बाई," त्या म्हणाल्या. "पयले मी पाहातच नव्हती. इकडं भाजीचं, तिकडं पोरीच्या सासरचं बोलत राहो, अन् हात आपला चालत राहे. आता दात दिसते. हा लहान झाला, हा मोठा झाला, असं दिसते. तुमी सांगतलं तवापासून."

"पण मी चुकीचं सांगितलं होतं हो!"

"तुमी मोठ्या मनाच्या आहा बाई. शिकलेला मानूस गरिबाले असं समजावते."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. भिंगाने मोजून बोललेलं त्यांनी एका दमात खरं मानलं होतं, आणि आता हात जोडून बोललेलं त्यांना चांगुलपणा वाटत होता.

त्यांनी काडी उचलली. मग मागावरचं विणून झालेलं कापड माझ्यासमोर सैल केलं आणि दोन्ही काठ शेजारी शेजारी धरले. "इकडंबी एकवीस, तिकडंबी एकवीस. मोजा तुमी."

मी मोजले नाहीत. दिसतच होतं. दाताला दात जुळत होता. मागची बाजू स्वच्छ होती, धागा धाग्यात नीट अडकून परत फिरला होता, सगळं खरं होतं. फक्त ते कुणाच्या घरचं आहे हे काठ पाहून आता कुणालाही सांगता आलं नसतं. पुढून पाहिलं तर ती गिरिधरशेठची साडी होती. आणि 'राजसी'त येणाऱ्या बाईला शोधूनही खोट सापडणार नव्हती.

भागीरथाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वही तपासायला दिलेल्या मुली बघतात तसं.

"आता बरोबर आहे ना बाई?"

पाच आठवडे ती बाई या एका उत्तरासाठी एकेक दात मोजत बसली होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच हसल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "पाहा," त्या म्हणाल्या, "म्या म्हटलं नव्हतं का, बाई खोटं नाई सांगत."