एका पिनेत दोन तिकिटं

मित्रांनो, कुठल्याशा ऑफिसच्या टेबलावर, कागदांच्या ढिगाखाली, रंग उडालेला एखादा जुना स्टेपलर तुम्ही पाहिला असेल. तसाच मी एक. माझ्या पाठीवर जिथे माणसाचा तळहात टेकतो, नेमका तिथलाच हिरवा रंग गेला आहे. स्प्रिंग मात्र अजून शाबूत आहे. मला सांगायचं आहे ते माझ्या हातून झालेल्या एका कामाबद्दल. ते काम मी चोख केलं, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवलं. तिथून मी विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात आलो. ऑफिस कसलं, जिन्याखालची एक खोली होती ती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा. मालकांना गिऱ्हाइकं तिकीटकाका म्हणत. मीही तेच म्हणतो.

काकांचा एक नियम होता. मध्ये विमान बदलून जायचं असेल आणि दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमधली असतील, तर ते दोन्ही कागद जुळवून मला दाबत. बुकिंग वेगवेगळी असतील, तर मला हातही लावत नसत. दोन कागद, दोन पाकिटं. गिऱ्हाइकाच्या एकेका हातात एकेक पाकीट देऊन म्हणत, "हे बघा, याचा त्याला पत्ता नाही. एकाच बुकिंगवर पहिलं विमान लेट झालं, तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची. इथे तसं नाही. दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आलाच नाहीत, तिकीट बुडालं. बॅगसुद्धा मध्ये उतरून स्वतः घ्यायची आणि परत रांगेत उभं राहायचं. मध्ये एक अख्खा दिवस ठेवा, नाहीतर जाऊ नका."

"काका, घाबरवताय की काय?" कुणीतरी हसून विचारायचं.

"घाबरवतोच आहे. तिथल्या काउंटरवर घाम फुटण्यापेक्षा इथे फुटलेला बरा."

माझी पिन म्हणजे काकांचा शब्द होता. लोक तिकीट हातात घेऊन आधी कोपरा बघत. पिन दिसली की त्यांचा चेहरा सैल पडे. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "अर्धा धंदा याच्या जिवावर चालतो." मला फुगायला तेवढं पुरे होई.

पुढे तिकिटं फोनवर आली आणि मी कागदांखाली गेलो. काकांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसू लागली. याच टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करून ती मोठी झालेली, त्यामुळे तिला नियम सांगावा लागला नाही. काका रोज सकाळी येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत आणि फुकटचे सल्ले देत.

अशाच एका सकाळी फोन आला. काकांची थोरली बहीण परदेशात मुलाकडे राहायची. काका तिला आक्का म्हणत. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. मुलगा सांगत होता, मामा, निघा. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस, फार तर तीन.

"बघ बाळ, काय मिळतंय," काका म्हणाले आणि कपडे भरायला घरी गेले.

एकाच बुकिंगवरची पहिली जागा चार दिवसांनी होती. दोन वेगळ्या कंपन्यांची मिळून मात्र उद्या सकाळची होती, मध्ये जेमतेम अडीच तास. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. दोन पाकिटं दिसली की बाबा काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. अडीच तासांवर ते दुसऱ्या कुणालाही पाठवणार नाहीत, स्वतः तर नाहीच. आणि आक्काजवळ चार दिवस नव्हते. तिने दोन्ही तिकिटं छापली. पाकिटं काढली, परत खणात टाकली. मग कागद बाजूला सारून मला पुढे ओढलं.

मित्रांनो, तेव्हा मी अडकू शकलो असतो. जुने स्टेपलर अडकतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. मी अडकलो नाही. एका दाबात पिन आरपार गेली आणि मागे घट्ट दुमडली.

काका आले. अक्षरं त्यांना दिसत नव्हती. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"एकत्र मिळालं?"

"हो," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"अगं, इथली काउंटरवरची मुलगी ऐकतच नाही. विमान दीड तास लेट आलं. म्हटलं, असू दे, बॅग पुढे जाईल, पुढचा बोर्डिंग पास गेटवर मिळेल. आत जाऊन निवांत बसलो. आता म्हणतात, तुमची बॅग बाहेर पट्ट्यावर फिरतेय आणि विमान गेलं. मी सांगितलं तिला, बाई, तीस वर्षं हाच धंदा केलाय, मला शिकवू नकोस. आता दुसऱ्या विमानात बसवणं तुमचं काम आहे. तू बोल तिच्याशी. सांग, एकच बुकिंग आहे."

"बाबा, तिला फोन द्या."

"देतो. आधी मला सांग. एकच आहे ना?"

तिचा हात टेबलावर माझ्या शेजारीच होता.

"दोन आहेत, बाबा."

पलीकडे कुठल्यातरी विमानाची घोषणा होत होती. ती संपली. मग त्यांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "माफ करा हं. तुमचंच बरोबर आहे."

पुढची जागा परवाची मिळाली. दोन पाकिटं हातात असती, तर ते उतरल्या उतरल्या बॅगेकडे पळाले असते. एक तास होता. जमलं असतं की नसतं, मला सांगता येत नाही. मुलगी तो एक तास अजून मनात पळत असते.

काका तिथल्या विमानतळावर बाकावर बसून असतानाच आक्का गेली. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोललं, "जन्मभर लोकांना पोचवलंत, आणि बहिणीकडे यायला जमलं नाही!"

काका म्हणाले, "माझंच चुकलं. कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवे होते."

परत आल्यावर ते नेहमीच्या खुर्चीत बसले. बराच वेळ नकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, "सवयीनं हात गेला असेल तुझा. घाईत होतं असं."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं.

"हं," ती म्हणाली, आणि छापखान्यासारख्या खडखडणाऱ्या प्रिंटरकडे वळली. त्यात कागद भरलेलाच होता. तिने तो काढून परत भरला.

आठ महिन्यांनी काका गेले. त्या आठ महिन्यांत ते रोज सकाळी समोर येऊन बसत होते.

त्यांच्यानंतर मुलगी पहिल्यांदा ऑफिसात आली त्या दिवशी तिने आतेभावाला फोन केला.

"दादा, बाबांचं चुकलं नव्हतं. मी मुद्दाम टाचलं होतं."

त्याने विचारलं, "मामांना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांना वाटलं, सवयीनं झालं. मी वाटू दिलं."

"मग मला कशाला सांगतेस गं? मी काय करू याचं?" तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "ठेवतो. तू जेवून घे."

ती जेवली नाही.

मित्रांनो, माझे जातभाई आपली गोष्ट सांगून झाली, की तेल मागतात, अडगळीत टाकू नका म्हणतात. मला टाकलंत तरी चालेल. माझं एवढंच ऐका. दोन गोष्टी वेगळ्या असतील, तर त्या वेगळ्या आहेत असं सांगून माणसाच्या हातात द्या. आणि सांगायचं राहून गेलं असेल, तर ज्याला सांगायचं तो समोरच्या खुर्चीत बसलेला आहे तोवर सांगा. तो रागावेल. रागावू दे.