काशीनाथचं वीजकेंद्र

डहाणूला एक वीजकेंद्र आहे. त्याची चिमणी कोळ्यांना समुद्रातूनही दिसते. तरीही तालुक्यात आणखी एक कमी आहे असं काशीनाथला वाटलं आणि निवृत्त झाल्या झाल्या त्याने दुसरं आणलं. ते म्हणजे हार्मोनियमच्या पेटीएवढी एक बॅटरी होती आणि तिला उचलायला कडी होती.

"पोर्टेबल पॉवर स्टेशन," तो म्हणाला. आम्ही उठून उभं राहावं, अशी त्याची अपेक्षा दिसली.

हयातभर रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसून दुसऱ्यांना गावोगाव धाडलेला हा माणूस. आता त्याला सरावलीचं घर विकून, जुन्या पिकअपमध्ये गादी टाकून निसर्गात राहायचं होतं. घर त्याच्या बायकोचं, सुधावहिनींचं. त्यांनी ते शाळेत शिकवून, खडूची धूळ खाऊन बांधलेलं. गिऱ्हाईक तयार होतं, वहिनींची सही तेवढी हवी होती.

"एक दिवस राहून बघू," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळच्या चहाला तुमच्या पेटीवर चालणाऱ्या फ्रिजमधलं दूध चांगलं निघालं तर सही करते. फाटलं तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. भाऊजी साक्षीदार."

भाऊजी म्हणजे मी, काशीनाथचा मित्र. कॉफी फुकट मिळणार होती, म्हणून गेलो.

सायवनच्या पुढे एका माळावर तंबू ठोकला. भोवती नुकतं कापलेलं भात, वर ऑक्टोबरचं ऊन. पेटी निम्मीच भरलेली होती. ती घरून भरून आणणं काशीनाथला मंजूर नव्हतं. "घरचाच करंट वापरायचा, तर घर विकायचं कशाला?" हा त्याचा बिनतोड मुद्दा. पेटी भरायची ती पिकअपच्या सॉकेटमधून. इंजिन बंद ठेवून भरली तर गाडीची बॅटरी उतरते, म्हणून इंजिन चालू. डिझेलच्या धडधडाटात खुर्ची टाकून त्याने डोळे मिटले.

"ऐक," तो म्हणाला, "काय शांतता आहे!"

"काय म्हणालास?" मी ओरडलो.

गाडी पेटीत जेवढं भरत होती, तेवढं फ्रिज आणि पंखा पिऊन टाकत होते. प्रगती शून्य होती, पण स्क्रीनवर ती ठळक दिसत होती.

तासाभरात डोक्यावर भाताची पाटी घेऊन जवळच्या पाड्यावरची हिरी आली. मागे तिची शेजारीण बारकी, तिच्या मागे आणखी चौघीजणी.

"गिरण आली ना दादा? माझा नंबर पयला."

कापणी झाली की तिकडे फिरती गिरणी पाड्यापाड्यावरून जाते. टेम्पोत इंजिन, इंजिनावर गिरणी. एका जागी इंजिन धडधडलं की बाया भात घेऊन निघतात. काही न भरडता कोणी सकाळभर डिझेल जाळत बसेल, ही शंका त्यांना कुठून येणार?

"ही गिरणी नाही," काशीनाथ म्हणाला. "या इंजिनावर ती पेटी भरते."

"आन् पेटीवर काय चालते?"

"पंखा."

हिरीने बारकीकडे पाहिलं. बारकीने पदर तोंडाला लावला.

"हां," हिरी म्हणाली. "मंग भात कवा घेशील?"

काशीनाथ चिडून काही बोलणार, एवढ्यात बारकीने आपली पाटी पायाने हळूच पुढे सरकवली. झालं! रांग मोडलेली पाहून त्याच्या अंगात खिडकी संचारली.

"ए, लाइन! लाइनीत! मध्ये घुसायचं नाही! तू, मागे हो!"

निसर्गात आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तेज दिसलं. ते वहिनींनीही पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हातून आल्यात बिचाऱ्या. सायवनच्या गिरणीवर सोडून या ना. तिथे तर गर्दी असेल. तुमच्याशिवाय रांग कोण लावणार?"

"पण पेटी?"

"तिला कशाला हलवता? फ्रिज जोडलाय. आम्ही आहोत लक्ष ठेवायला. काय भाऊजी?"

बाया पाट्यांसकट मागे चढल्या, हिरी साहेबासारखी पुढे बसली, आणि गाडी गेली. तेव्हा कुठे मला पहिल्यांदा पाखरं ऐकू आली.

वहिनींनी पेटीवर विजेची किटली लावली. "भाऊजी, कॉफी?" मग पाणी गार झालं का ते पाहायला फ्रिज उघडला. मग पुन्हा उघडला. झाकण नीट लागलं नाही, ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही काही केलं नाही. चौथ्या कपाला मी नको म्हणालो.

"साक्षीदाराला विचारत नाहीत," असं म्हणून त्यांनी कप भरला.

दुपारी पेटीने बारीक आवाज काढला आणि मान टाकली. वहिनींनी तिच्यावर ओला नॅपकिन वाळत घातला.

दिवस कलल्यावर काशीनाथ आला. केसात भाताचा कोंडा, घसा बसलेला, पण चालीत रुबाब. "काय बेशिस्त तिथे! तीन रांगा होत्या. मी एक केली. तासभर तर लोक भांडतच होते."

"दमलात हो," म्हणत वहिनींनी तीन दगडांवर पातेलं ठेवलं आणि दूध ओतलं. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. उकळी यायच्या आत दुधाचे गोळे झाले.

"फाटलं हो," वहिनी म्हणाल्या. मयताला गेल्यासारखा आवाज.

काशीनाथने माझ्याकडे पाहिलं.

"फाटलंय," मी साक्ष दिली. इतकी कॉफी झाल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही.

त्याने पेटीवरचा नॅपकिन उचलून काळी पडलेली स्क्रीन पाहिली. मग म्हणाला, "पेटी लहान पडली. मोठी घ्यायला हवी."

"घ्या की," वहिनी फाटलेलं दूध गाळत म्हणाल्या. "ठेवायला घर आहेच."